तांदूळबंदी आणि आंदोंगचा सोजू : एका घरगुती भट्टीचे प्रकरण

जानेवारी १९६५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारने धान्य व्यवस्थापन कायद्याखाली सोजू गाळण्यासाठी तांदूळ आणि इतर धान्ये वापरण्यास मनाई केली. सोजू हे त्या देशाचे किमान सात शतके जुने गाळीव मद्य आहे, आणि तोपर्यंत त्याची ओळखच धान्य आंबवून, उकळून, वाफ धरून केलेले मद्य अशी होती. बंदीनंतर बाजारात सोजू मिळतच राहिला, किंबहुना पूर्वीपेक्षा स्वस्त आणि मुबलक मिळू लागला. मात्र बाटलीतला पदार्थ बदलला. रताळी, टॅपिओका आणि मळी यांपासून कारखान्यात काढलेले ९५ टक्के शुद्धतेचे अल्कोहोल पाण्यात पातळ करून, त्यात गोडी आणणारे द्रव्य घालून तो तयार होऊ लागला. आज जगभर दिसणाऱ्या छोट्या हिरव्या बाटलीतला सोजू या बंदीचा वारस आहे.

या बंदीखाली जी परंपरा जवळजवळ नाहीशी झाली आणि पुढे कायद्याच्याच हाताने परत आणली गेली, त्या ग्योंगसांग प्रांतातल्या आंदोंग शहराच्या सोजूचे हे प्रकरण आहे. बंदी चांगली की वाईट, एवढ्यावर ते संपत नाही. धान्य काढून घेतल्यावर एखादी कला नेमकी कुठे टिकते, आणि ती परत आणताना तिचे काय गळून पडते, हे त्यात फार जवळून पाहता येते, आणि मला ते त्यासाठीच महत्त्वाचे वाटते.

आंदोंगच का

गाळण्याची विद्या कोरियात तेराव्या शतकात मंगोलांबरोबर आली, यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. मंगोल साम्राज्याने १२७४ आणि १२८१ मध्ये जपानवर ज्या दोन स्वाऱ्या केल्या, त्यांची तयारी कोरियाच्या भूमीवर झाली. दुसऱ्या स्वारीच्या वेळी गोर्यो राज्याचा राजा चुंगन्योल स्वतः आंदोंगमध्ये मुक्काम करून होता. सोजूसाठी नावाजलेली तीन जुनी ठिकाणे, म्हणजे राजधानी गेसोंग, आंदोंग आणि जेजू बेट, ही तिन्ही मंगोल फौजेच्या वावराची ठिकाणे होती. जेजूवर भात फारसा पिकत नाही, म्हणून तिथला सोजू राळ्यापासून गाळतात. यावरून एक गोष्ट ध्यानात येते, की विद्या बाहेरून आली तरी धान्य त्या त्या मातीचे राहिले.

शंभर वर्षांच्या आत हे मद्य राज्यकर्त्यांच्या काळजीचा विषय झाले होते. १३७५ च्या राजाज्ञेत लोक सोजू, रेशीम आणि सोन्या-जडजवाहिराच्या भांड्यांवर मालमत्ता उधळतात, म्हणून ते बंद करावे असे म्हटले आहे. सोजूचे नाव रेशमाच्या आणि सोन्याच्या पंक्तीला येते, एवढे ते तेव्हा महाग होते. त्याच सुमाराला ग्योंगसांग प्रांताचा सेनापती किम जिन आपल्या सरदारांसह रात्रंदिवस सोजू पीत बसे आणि शिपायांना मारझोड करी. १३७६ मध्ये जपानी चाचे चालून आले तेव्हा शिपायांनी हातपाय हलवण्याचे नाकारले आणि सोजूवाल्यांनाच लढायला पाठवा, आम्ही कशाला लढू, असे म्हटले, अशी नोंद गोर्योच्या इतिहासात आहे.

आंदोंगमध्ये हे मद्य रुजले त्याला मात्र फौजेपेक्षा घराण्यांचे कारण मोठे आहे. पुढच्या जोसोन राजवटीत आंदोंग हे कन्फ्यूशियन विद्वान घराण्यांचे माहेरघर बनले. या घराण्यांच्या थोरल्या वाड्यावर दोन जबाबदाऱ्या कायम असत : पितरांचे विधी यथासांग करणे आणि दारी आलेल्या पाहुण्याचा मान ठेवणे. दोन्हीसाठी घरचे मद्य लागे. वर्षभरात अनेक पिढ्यांच्या पुण्यतिथ्या येत, त्या चुकवता येत नसत, आणि साधे आंबवलेले मद्य उन्हाळ्यात नासे. गाळलेला सोजू नासत नाही. त्यामुळे तो काढून ठेवणे ही थोरल्या सुनेच्या कामांपैकी एक होऊन बसली, आणि कृती सासूकडून सुनेकडे जाऊ लागली.

याचा लेखी पुरावाही आहे. आंदोंगचे विद्वान किम यू यांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात संकलित केलेल्या ‘सुउन जाप्बांग’ या पाककृतींच्या हस्तलिखितात निम्म्याच्या आसपास कृती मद्याच्या आहेत, आणि त्यात गव्हापासून सोजू गाळण्याचीही कृती आहे. आंदोंगमध्ये जन्मलेल्या जांग ग्ये-ह्यांग या विदुषीने १६७० च्या सुमारास, सत्तरी ओलांडल्यावर, कोरियन लिपीत ‘उमशिक दिमिबांग’ हा ग्रंथ लिहिला. त्यातल्या १४६ कृतींपैकी ५१ मद्याच्या आहेत. ग्रंथाच्या शेवटी तिने बजावले आहे, की मुलींनी हव्या तर नकला करून न्याव्यात, पण मूळ पुस्तक घेऊन जाण्याचा विचारही मनात आणू नये. मद्य करण्याचे ज्ञान ही त्या घराची ठेव होती, ते त्या घरच्या स्त्रीच्या ताब्यात होते आणि घराघरांत ते थोडे वेगवेगळे होते, हे त्या एका सूचनेतून स्पष्ट होते.

गव्हाची वडी, तांदळाचा भात, मातीची गोरी

पुढचे सगळे प्रकरण ज्या कृतीभोवती फिरते ती नीट समजून घेतली पाहिजे. तिची सुरुवात तांदळापासून नव्हे, गव्हापासून होते. गहू धुऊन वाळवतात, भरडतात आणि त्यात थोडे पाणी शिंपडून मळतात. इतके थोडे, की मुठीत दाबले तर गोळा व्हावा पण ओलसर चिकटा राहू नये. हे भरड कापड अंथरलेल्या गोल साच्यात भरून पायांनी तुडवून घट्ट वडी पाडतात. ही वडी उबदार जागी सुमारे वीस दिवस ठेवतात, तेव्हा हवेतल्या आणि धान्यावरच्या बुरश्या व यीस्ट तिच्यात वाढतात. हिलाच नुरुक म्हणतात. ती नीट न तुडवता सैल राहिली तर आतून कोरडी पडते, फार ओली राहिली तर कुजते. तयार वडी फोडून तिचे तुकडे उघड्यावर रात्रीच्या दवात ठेवण्याची पद्धत आहे. तिचा उग्र वास त्याने जातो असे करणारे सांगतात.

तांदूळ भिजवून वाफेवर शिजवतात. आपल्या रोजच्या भातासारखा मऊ नव्हे, तर शिताला शीत सुटे राहील असा ताठ. तो पसरून निववतात, नुरुकचा चुरा आणि पाणी घालून कालवतात आणि मातीच्या रांजणात भरतात. आता रांजणात दोन कामे एकाच वेळी चालू होतात : बुरशीची पाचकद्रव्ये भातातल्या पिठूळ अंशाची साखर करतात आणि यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करते. युरोपात व्हिस्कीसाठी आधी बार्लीला मोड आणून साखर करून घेतात आणि मग ती आंबवतात. इथे साखर साचून राहतच नाही, होताच खर्ची पडते, आणि म्हणून मुळातच बऱ्यापैकी तीव्र आंबवण तयार होते. पंधरा दिवसांच्या आसपास ते पिवळसर आणि आंबूस-गोड वासाचे झाले, की गाळायला घेतात.

गाळण्याच्या भांड्याला सोजूगोरी म्हणतात. ते मातीचे, कमरेत आवळलेले, वरखाली दोन घट एकमेकांवर उपडे ठेवावेत तशा घडणीचे असते. बिडाच्या मोठ्या कढईत आंबवण ओतून तिच्यावर गोरी बसवतात आणि सांध्याची फट कणकेने लिंपून बंद करतात. गोरीच्या डोक्यावर थंड पाण्याचे भांडे असते. वाफ वर जाऊन त्या भांड्याच्या गार बुडाला लागते, थेंब होतात, आणि ते आतल्या कडेच्या पन्हाळीतून गोरीच्या चोचीवाटे बाहेर ठिबकतात. गोंदिया-गडचिरोलीकडे मोहाची भट्टी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. तिथेही गार पाण्याचे भांडे वर आणि आग खाली, हाच हिशेब असतो.

खरे कसब इथे आहे. आग मोठी झाली तर तळाचा साका करपतो आणि तो जळका वास पूर्ण घाण्यात उतरतो. आग मंद झाली तर वाफ वर पोहोचण्याआधीच जिरते आणि हाती काही लागत नाही. वरचे पाणी कोमट होत जाते तसे ते बदलत राहावे लागते, नाहीतर न थिजलेली वाफ चोचीतून निसटते आणि खोलीभर वास सुटतो. आपल्याकडे जिला पहिल्या धारेची म्हणतात ती इथेही सर्वांत तीव्र, साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जाणारी असते, आणि जसजसा वेळ जातो तसतशी धार पातळ होत जाते. कुठे थांबायचे हे करणारी चव घेऊन आणि वासावरून ठरवते. पुढची आणि मागची धार एकत्र करून आंदोंगचा सोजू ४५ टक्क्यांवर आणतात.

या साध्या भट्टीचे वैशिष्ट्य तिच्या अपुरेपणात आहे. कारखान्यातला उंच स्तंभ अल्कोहोल इतके शुद्ध करतो, की मूळ पदार्थ रताळे होते की मळी हे जिभेला कळत नाही. मातीच्या गोरीत एकाच फेरीत अल्कोहोलबरोबर भाताचा, गव्हाच्या बुरशीचा आणि आंबवणातल्या आम्लांपासून झालेल्या सुवासिक द्रव्यांचा अंश वर येतो. तो अंश हाच सोजूचा स्वभाव होय, आणि १९६५ मध्ये बाटलीतून जे गेले ते नेमके हेच.

बंदीच्या आधीची हानी

दोष सगळा १९६५ च्या माथी मारणे मात्र बरोबर होणार नाही. धान्याच्या चणचणीत मद्यबंदी करणे ही कोरियात जुनी राजनीती होती; अठराव्या शतकात राजा योंगजोने ती इतकी कडक केली, की १७६२ मध्ये मद्य बाळगल्याच्या आरोपावरून युन गू-योन या उच्च लष्करी अधिकाऱ्याचा शिरच्छेद झाला. पण त्या बंद्या दुष्काळाबरोबर येत आणि सुगीबरोबर ओसरत. शिवाय पितरांच्या विधीचे निमित्त घराघरांत असल्याने भट्टी पुरती विझत नसे.

कायमची जखम केली ती जपानी अंमलाखालच्या करव्यवस्थेने. १९०९ मध्ये मद्यकर कायदा आला, १९१६ मध्ये तो अधिक कडक झाला. विक्रीसाठी करणाऱ्यांवर किमान उत्पादनाची अट आली, त्यामुळे लहान भट्ट्या बंद पडून मोठ्या उरल्या. घरच्या वापरासाठीही परवाना आणि कर लागू झाला, आणि १९३४ मध्ये घरगुती परवान्यांची पद्धतच रद्द करण्यात आली. आंदोंगपुरते बोलायचे तर १९२० च्या दशकात तिथे सोजूचा कारखाना चालू झाला होता आणि ‘जेबिवन’ या स्थानिक नावाने त्याचा माल दूरवर जात होता. याच काळात कारखान्यांनी गव्हाच्या नुरुकऐवजी निवडक काळ्या बुरशीची लागण वापरायला सुरुवात केली, कारण तिचे उत्पन्न खात्रीचे होते. म्हणजे नावाने आंदोंगचा असलेला सोजू १९६५ च्या कितीतरी आधीच दोन वाटांनी चालला होता : एक परवान्याची, कारखान्याची, दुसरी घरची, आता बेकायदा ठरलेली. स्वातंत्र्यानंतर करव्यवस्थेची ही चौकट तशीच राहिली.

१९६५ : कारण खरे होते

युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या दक्षिण कोरियाला तेव्हा तांदूळ पुरत नव्हता आणि अमेरिकेच्या मदतीतून येणाऱ्या गव्हावर देश बराच अवलंबून होता. अशा वेळी धान्य गाळणे म्हणजे काय, याचा हिशेब करून पाहावा. एक किलो तांदळात पाऊण किलोच्या आसपास पिठूळ अंश असतो. त्याचा कण न् कण अल्कोहोलमध्ये उतरला तरी ४५ टक्क्यांचे मद्य सव्वा लिटरच्या आतच भरते, आणि घरगुती भट्टीत लिटरभर मिळाले तरी पुष्कळ. एका कुटुंबाचे दिवसाचे धान्य एका बाटलीत जाते. सरकारने याच सुमारास खानावळींना भातात इतर धान्य मिसळायला लावले, १९६९ पासून बुधवारी आणि शनिवारी दुपारी भात विकण्यास बंदी केली, शाळांत मुलांचे डबे उघडून त्यात नुसता पांढरा भात नाही ना हे तपासले. अशा देशाने सोजूला तांदूळ नाकारला यात अन्याय झाला असे मला म्हणवत नाही.

आक्षेप आहे तो पुढच्या गोष्टीला. उपाय म्हणून आलेली व्यवस्था कारण संपल्यावरही उठली नाही, कारण तोवर तिच्यावर एक उद्योग उभा राहिला होता. १९७३ पासून सरकारने सोजूच्या कारखान्यांचे एकत्रीकरण करून साधारण एका प्रांताला एक कंपनी असे धोरण राबवले आणि देशभर मिळून १० कंपन्या उरल्या. १९७६ पासून घाऊक व्यापाऱ्यांना निम्मा सोजू आपल्याच प्रांतातल्या कंपनीकडून घेण्याची सक्ती झाली. ती अट संविधान न्यायालयाने १९९६ मध्ये घटनाबाह्य ठरवली. दरम्यान अधिक उत्पन्न देणाऱ्या ‘तोंगिल’ या भाताच्या वाणामुळे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. तरीही गाळीव सोजूचा मार्ग मोकळा व्हायला आणखी दहा-बारा वर्षे गेली. लोकांची जीभ तोवर पातळ, गोडसर सोजूला सरावली होती. १९६५ मध्ये ३० टक्के असलेली बाजारी सोजूची तीव्रता १९७३ मध्ये २५ वर आली, आणि पुढे २००६ मध्ये २० च्याही खाली गेली.

घरात उरलेले

या बावीस-पंचवीस वर्षांत आंदोंगचा जुना सोजू होता कुठे? तो स्वयंपाकघरात होता. पितरांचे विधी थांबले नव्हते, आणि ज्या घरांना बाजारची बाटली पूर्वजांपुढे ठेवणे मानवत नव्हते ती घरे गुपचूप रांजण लावत राहिली. चोरून केलेल्या मद्याच्या झडत्या होत. तपासनीस गावात शिरल्याची कुणकुण लागताच बायका रांजण सरपणाच्या ढिगात किंवा कोठाराच्या कोपऱ्यात दडवत. सापडले तर दंड होई. कृती कागदावर लिहून ठेवणे धोक्याचे आणि विकणे तर त्याहून धोक्याचे, त्यामुळे ज्ञान पुन्हा हातातून हाताकडे जाऊ लागले. परवाना असलेल्या आणि यंत्रे असलेल्या कारखान्यांनी धान्याची भट्टी पहिल्या फटक्यात सोडून दिली. जी टिकली ती कायद्याच्या नजरेत गुन्हा असलेली, बिनहिशेबी, बायकांच्या हातची भट्टी होती. पुढे जे काही पुनरुज्जीवन झाले त्याचा पाया एवढाच होता, आणि सरकारी गौरवाच्या कथेत हा भाग जितका ठळक यायला हवा तितका येत नाही.

१९८७ नंतर

परिस्थिती पालटली ती पाहुण्यांमुळे. १९८६ चे आशियाई खेळ आणि १९८८ चे सोल ऑलिंपिक जवळ येऊ लागले तेव्हा जगापुढे ठेवायला देशाचे स्वतःचे मद्य नाही, ही गोष्ट सरकारला जाणवली आणि पारंपरिक मद्यांचा शोध सुरू झाला. १९८६ मध्ये तीन मद्यांना राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यातले एक, मुनबेजू, मूळ प्योंगयांगचे, राळे आणि ज्वारी यांपासून गाळलेले. त्यात फळाचा अंशही नसताना त्याला रानटी नासपतीचा वास येतो. आंदोंगच्या सोजूला मे १९८७ मध्ये उत्तर ग्योंगसांग प्रांताने आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत बाराव्या क्रमांकावर घेतले आणि त्या विद्येची धारक म्हणून जो ओक-ह्वा यांची नोंद केली. १९२२ मध्ये जन्मलेल्या जो ओक-ह्वा यांनी माहेरी आणि सासरी चालत आलेल्या पद्धती एकत्र करून कृती पक्की केली होती. १९९० मध्ये विक्रीचा परवाना मिळून त्यांची भट्टी रीतसर चालू झाली.

१९९९ मध्ये राणी एलिझाबेथ दुसऱ्या कोरियाच्या भेटीवर असताना त्यांचा ७३ वा वाढदिवस आंदोंगजवळच्या हाहोए या जुन्या खेड्यात साजरा झाला, तेव्हा मेजवानीचे पारंपरिक ताट जो ओक-ह्वा यांनीच मांडले होते. त्या २०२० मध्ये वारल्या. भट्टी घरातच, मुलगा आणि सून यांच्याकडे आली. ज्या कामासाठी जो ओक-ह्वा यांच्या पिढीच्या बायकांना दंड झाले त्याच कामासाठी एका बाईला राज्याच्या पाहुणीपुढे मानाने बसवले गेले. १९६५ पासूनच्या चौतीस वर्षांत घडलेला हा बदल लहान नाही, आणि तो घडवून आणणाऱ्या अधिकाऱ्यांचे श्रेयही कमी लेखू नये.

तरी या पुनरुज्जीवनाची एक किंमत होती. वारशाचा दर्जा देताना कायद्याला धारक व्यक्ती लागते, ठरलेली कृती लागते, मोजता येतील अशी प्रमाणे लागतात. जिथे प्रत्येक थोरल्या वाड्याची कृती वेगळी होती, तिथे एका घराची कृती ‘आंदोंग सोजू’ म्हणून नोंदली गेली. मोडत आलेली परंपरा वाचवायची तर कुठेतरी बोट ठेवावेच लागते, हे मला मान्य आहे. पण ज्या घरांची नोंद झाली नाही त्यांच्या पद्धती टिकवायला मग कुणाला कारण उरले नाही. घरगुती वापरासाठी मद्य करण्याची मुभा देशाने १९९५ मध्ये दिली. वारशाची नोंद होऊन तेव्हा आठ वर्षे उलटली होती, आणि करणाऱ्या पिढीतल्या कित्येक जणी तोवर गेल्या होत्या. हा क्रम उलटा असता, म्हणजे आधी घरांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला असता आणि मग वारसा शोधायला माणसे पाठवली असती, तर यादीत एका नावाऐवजी बरीच नावे आली असती असे माझे ठाम मत आहे.

दोन आंदोंग सोजू आणि एक जुनी कृती

विविधता अगदीच संपली नाही हे पुढच्या घडामोडींवरून दिसते. १९९५ मध्ये केंद्र सरकारच्या अन्न-निपुण योजनेत पार्क जे-सो यांना सहाव्या क्रमांकाचे निपुण म्हणून मान्यता मिळाली, तीही आंदोंगच्याच सोजूसाठी. त्यांच्या घराण्याची रीत वेगळी : लागण गव्हाऐवजी तांदळाचीच, आणि आंबवण आधी स्वच्छ मद्याइतके निवळून मग गाळायचे. परिणामी जो घराण्याच्या सोजूत गव्हाच्या नुरुकचा आणि आगीचा वास ठसठशीत येतो, तर पार्क यांचा सोजू मऊ आणि स्वच्छ लागतो. खरा कोणता, असा वाद ग्राहकांत अधूनमधून होतो. वर पाहिलेला इतिहास लक्षात घेतला तर हा प्रश्नच चुकीचा ठरतो, कारण आंदोंगचा एकच सोजू कधीच नव्हता.

तिसरी वाट हस्तलिखितातून निघाली. आंदोंगमधल्या दोसानजवळ नाकदोंग नदीच्या वळणावरच्या मेंगे या वस्तीत शेतकरी दांपत्याने स्वतः पिकवलेल्या सेंद्रिय गव्हापासून सोजू गाळायला घेतला आणि २०१९ मध्ये तो बाजारात आणला. त्याचे नाव आणि आधार ‘सुउन जाप्बांग’मधल्या गव्हाच्या सोजूचा आहे. तांदळाचाच सोजू अस्सल, ही समजूतही तुलनेने अलीकडची असल्याचे यातून लक्षात येते.

राहता राहिला कर. १९९० च्या दशकात बाजारी सोजूवर ३५ टक्के, गाळीव सोजूवर ५० टक्के आणि व्हिस्कीवर १०० टक्के मद्यकर होता. युरोपीय संघ आणि अमेरिका यांनी हा भेदभाव असल्याची तक्रार जागतिक व्यापार संघटनेत नेली, १९९९ च्या आरंभी अपिलातही कोरिया हरला, आणि २००० पासून तिन्हींवर ७२ टक्के असा एकच दर आला. वरवर ही समानता आहे; परंतु कर किमतीवर बसतो, आणि तांदूळ, नुरुक, मनुष्यबळ व वेळ यांमुळे गाळीव सोजूची किंमत मुळातच जास्त असते, म्हणून त्याच्या प्रत्येक बाटलीवरचा कर स्वस्त सोजूच्या कितीतरी पट भरतो. वारसाधारक, अन्न-निपुण आणि स्थानिक शेतमाल वापरणारे छोटे उत्पादक यांना ठरावीक मर्यादेपर्यंत निम्मी करसवलत मिळते, आणि २०१७ पासून त्यांचा माल सर्वसाधारण ऑनलाइन दुकानांतून विकता येतो, जे बाजारी सोजूला अजूनही करता येत नाही. लहान भट्ट्यांना यामुळे घाऊक व्यापाऱ्याच्या दारात न जाता थेट गिऱ्हाईक मिळाले. स्थानिक शेतमालाच्या वर्गात बसायचे तर मुख्य कच्चा माल आपल्या किंवा लगतच्या तालुक्यातला असावा लागतो. त्यामुळे आंदोंगमधल्या नव्या भट्ट्यांना आता जवळपासच्या शेतकऱ्यांशी भाताचे आणि गव्हाचे करार आधी करावे लागतात, आणि भट्टी पेटते ती त्यानंतर.